मगन संग्रहालयाची वाटचाल : खादीच्या दशकापासून आजपर्यंत

वर्ध्याच्या मगनवाडीत ३० डिसेंबर १९३८ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. मूर्ती, नाणी, शस्त्रे आणि राजांचे पोशाख जपणारी संग्रहालये तेव्हा देशात होती. इथे मात्र चरखा, पिंजण, हातमाग, तेलघाणी आणि हातकागद मांडलेले होते. म्हणजे खेड्यापाड्यांत त्या दिवशीही वापरात असलेल्या वस्तू! भूतकाळ दाखवणे हा या संस्थेचा हेतू नव्हताच. लोकांच्या अंगावरचे कापड कोणी आणि कसे तयार करावे, हा त्या काळातला चालू प्रश्न तिने भिंतींच्या आत आणला.

कापूस इथला, कापड तिथले

वर्धा हा कापसाचा जिल्हा. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटचा कापूस विलायतेच्या बाजारात नावाने ओळखला जाई. पुढे हिंगणघाट आणि पुलगावला गिरण्या उभ्या राहिल्या. तरीही शेतकऱ्याच्या घरातला कापूस गाडीत बसून दूर जायचा आणि कापड होऊन, महाग होऊन परत यायचा. या व्यवहाराला पहिला मोठा धक्का असहकाराच्या काळात बसला. वर्ध्याचे व्यापारी जमनालाल बजाज यांनी रायबहादुरकी सोडली, घरातल्या विदेशी कपड्यांची होळी केली. त्यांच्या पत्नी जानकीदेवींनी दागिने आणि पडदा, दोन्हींचा त्याग केला. श्रीमंत मारवाडी घरातल्या बाईने जाडीभरडी खादी नेसणे ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट होती! १९२१ साली विनोबा भावे वर्ध्याला आले आणि इथल्या आश्रमात सूतकताई रोजच्या दिनक्रमाचा भाग झाली. १९२५ मध्ये अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला आणि खादीला देशव्यापी संघटना मिळाली.

एका दशकाची पसंती

१९३४ मध्ये गांधीजी वर्ध्याला मुक्कामाला आले. त्याच वर्षी डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालालजींनी आपली बाग आणि घर त्यासाठी दिले. साबरमती आश्रमाचे व्यवस्थापक आणि खादीविद्येचे जाणकार मगनलाल गांधी १९२८ मध्ये वारले होते. त्यांच्या नावाने ही जागा मगनवाडी झाली. संघाचे काम जे. सी. कुमारप्पा यांनी हाती घेतले. विलायतेत हिशेब तपासनीसाचे शिक्षण घेतलेला, सुटाबुटात वावरलेला हा माणूस खादी नेसून घाणी, हातसडीचा तांदूळ आणि हातकागद यांचे अर्थशास्त्र मांडू लागला. झवेरभाई पटेलांनी इथेच सुधारित घाणीवर काम केले. ती पुढे वर्धा घाणी म्हणून ओळखली गेली. वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप हीही मगनवाडीचीच देणगी.

त्या दशकात पांढरी टोपी, खादीचा सदरा आणि खादीचे लुगडे हा तरुणांचा अभिमानाचा पोशाख होता. कपड्यांची नवी आवड एरवी शहरातून खेड्याकडे जाते. खादीने ही दिशा उलटी केली. वकील, प्राध्यापक आणि कॉलेजातली मुले खेड्यात विणलेले कापड मिरवू लागली. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन पहिल्यांदाच एका खेड्यात, खानदेशातल्या फैजपूरला भरले. नंदलाल बोस यांनी तिथली सजावट बांबू आणि स्थानिक साहित्यातून उभी केली. जोडीला खादी-ग्रामोद्योगाचे प्रदर्शनही होते. अधिवेशनाचे प्रदर्शन चार दिवसांत उठते. मगन संग्रहालयाने ते काम बारमाही केले.

या पोशाखाला त्याचे संगीतही होते. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांनी संकलित केलेली आश्रम भजनावली रोजच्या प्रार्थनेत गायली जाई. तिच्यात अनेक भाषांतली, अनेक धर्मांतली पदे एकत्र नांदत होती. विनोबांनी १९३०-३१ मध्ये गीतेचा समश्लोकी मराठी अनुवाद केला. १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेली ही ‘गीताई’ वाचण्याइतकीच सामुदायिकपणे म्हणण्यासाठी होती आणि आजही ती तशी म्हटली जाते. १९३६ मध्ये प्रभातचा ‘संत तुकाराम’ पडद्यावर आला आणि विष्णुपंत पागनीसांचा आवाज शहरांत घुमू लागला. त्याच वर्षी तुकडोजी महाराज गांधीजींच्या सहवासात वर्ध्याजवळच्या सेगावला (आजचे सेवाग्राम) राहिले. त्यांची खंजिरी आणि साध्या हिंदी-मराठीतली भजने विदर्भाच्या गावागावांत पोहोचली. ऐकणाऱ्याने केवळ ऐकत न बसता सोबत म्हणावे, अशीच या गाण्यांची घडण होती. सूतकताईतही तेच होते. खादी घालणाऱ्याने थोडे तरी कातावे, ही अपेक्षा होती.

भाव आणि मजुरी

या पसंतीची खरी कसोटी १९३५ मध्ये लागली. कातणाऱ्या बाईला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, असे धोरण चरखा संघाने स्वीकारले. मजुरी वाढली म्हणजे खादी महागणार, गिऱ्हाईक कमी होणार, हे उघड होते. तरीही तो निर्णय झाला. विनोबांनी तर वर्ध्याजवळच्या नालवाडीत स्वतः कातून मिळणाऱ्या मजुरीतच जगण्याचा प्रयोग केला. पुढे १९४५ मध्ये चरखा संघाने आणखी एक पाऊल टाकले. भांडारात खादी घेताना किमतीचा काही भाग सुताच्या रूपात द्यावा, असा नियम केला. बाजाराच्या हिशेबाने हे उरफाटे होते. पण मगन संग्रहालयामागचा विचार मला या दोन निर्णयांत सर्वांत स्वच्छ दिसतो. कापडाची आवड टिकवायची असेल, तर आधी कापड करणारे हात टिकले पाहिजेत.

ओसरते दिवस

१९४८ मध्ये सर्व सेवा संघ उभा राहिला आणि रचनात्मक संस्थांची फेरमांडणी सुरू झाली. १९५७ मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोग आला. खादी सरकारी अनुदानाच्या आधाराने चालू लागली. एकांबरनाथन यांच्या अंबर चरख्याने एका वेळी अनेक चात्या फिरवून सुताचे उत्पादन वाढवले. पण लोकांची आवड वेगाने बदलत होती. टेरिलीन आणि टेरिकॉट आले. ते चुरगळत नव्हते, लवकर वाळत होते, इस्त्रीचा त्रास नव्हता. गृहिणींनी त्याचे स्वागत केले, हे स्वाभाविकच होते. खादी पुढाऱ्यांच्या अंगावर उरली आणि तिच्याबद्दलची आस्था आटत गेली. रोजच्या पोशाखाचा गणवेश झाला की कापड आपले तेज गमावते.

पुन्हा मुळाकडे

मगन संग्रहालय समितीने डॉ. विभा गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली या ओसरत्या काळात नवी दिशा धरली. जुन्या वस्तू काचेत ठेवून थांबायचे नाही, कापसापासून कपड्यापर्यंतची पूर्ण साखळी पुन्हा जिल्ह्यातच उभी करायची, हे त्यांनी ठरवले. सेंद्रिय कापूस, सूतकताई, हातमाग आणि नैसर्गिक रंग हे चारही दुवे त्यात जोडले गेले. ‘मगन खादी’ हे त्याचे फळ.

नैसर्गिक रंगाई धीराचे काम आहे. कापड आधी खारात धुऊन स्वच्छ करून घ्यावे लागते. मग हिरड्यासारख्या तुरट द्रव्यात आणि तुरटीत भिजवले की रंग धाग्याला धरून बसतो. डाळिंबाच्या सालीतून पिवळा, मंजिष्ठेतून लाल, निळीतून निळा आणि लोखंड-गुळाच्या आंबवणातून काळा मिळतो. ऋतू आणि पाणी बदलले की छटाही बदलते. म्हणून दोन ताग्यांत किंचित फरक राहतो आणि जाणकार गिऱ्हाईक तो पसंत करते. १९३० च्या दशकातली पांढरी, जाड खादी आज रंगीत कुर्ते, ओढण्या आणि साड्या होऊन तरुणांच्या अंगावर येते आहे.

वर्धा जिल्ह्यात या कामाचे मोल वेगळे आहे. इथला शेतकरी कापूस पिकवतो आणि भावाच्या चढउतारात होरपळतो. त्याच्या कापसाचे सूत, सुताचे कापड आणि कापडाचा कपडा इथेच झाला, तर प्रत्येक टप्प्याची मजुरी जिल्ह्यातल्या घरांत जाते. खादीला आज पुन्हा मागणी आहे, पण गिऱ्हाइकाच्या आवडीवर विसंबून संस्था चालत नाही. आवड दहा वर्षांत फिरते, हे या संस्थेने एकदा पाहिले आहे. म्हणून खादी विकत घेणाऱ्याने विणीचा पोत पाहावा, रंग पाहावा आणि कातणाऱ्या-विणणाऱ्याला यातले किती मिळाले, हेही न लाजता विचारावे. १९३५ साली चरखा संघाने हाच प्रश्न स्वतःला विचारला होता. तो विचारणारे गिऱ्हाईक वाढले, तर मगन संग्रहालयाची पुढची वाटचाल अनुदानावर नाही, लोकांच्या जाणतेपणावर उभी राहील.