कॅथलिक पंथप्रवेश व पंथत्याग : न्यूमन आणि ब्लँको व्हाइट

सामूहिक धर्मांतरामागे राजसत्ता, सामाजिक प्रतिष्ठा वा आर्थिक हितसंबंध यांसारखी बाह्य कारणे पुष्कळदा आढळतात. एकाकी व्यक्तीच्या मतांतराची कारणे मात्र प्रायः तिच्या आत्मनिवेदनातूनच शोधावी लागतात. या दृष्टीने जोसेफ ब्लँको व्हाइट (१७७५–१८४१) आणि जॉन हेन्री न्यूमन (१८०१–९०) यांची उदाहरणे उद्‌बोधक आहेत. ऑक्सफर्डच्या ऑरिएल महाविद्यालयात हे दोघे स्नेही होते; व्हायोलिनवादनाची आवडही त्यांना समान होती. त्यांपैकी एकाने रोमन कॅथलिक पंथाचा त्याग केला, तर दुसऱ्याने त्याचा स्वीकार केला.

ब्लँको व्हाइट हा स्पेनमधील सेव्हिल येथे स्थायिक झालेल्या आयरिश वंशाच्या व्यापारी घराण्यात जन्मला. धर्मोपदेशकाची दीक्षा घेतल्यानंतर काही वर्षांतच त्याची श्रद्धा ढळली. श्रद्धेच्या बाबतीत चर्चच्या हातून प्रमाद घडूच शकत नाही, या तत्त्वावर त्याच्या मते सर्व सिद्धांतांची उभारणी झाली होती. त्यामुळे एका सिद्धांताविषयी संशय निर्माण होताच साऱ्यांचाच आधार नाहीसा झाला. या बौद्धिक कारणास कौटुंबिक दुःखाची जोड होती. त्याच्या दोघी बहिणी मठवासिनी झाल्या होत्या आणि त्यांच्या अकाली मृत्यूंचा दोष तो मठजीवनाला देई. पाखंडी मताची वार्ता इन्क्विझिशन या धर्मन्यायालयास कळविणे हे श्रद्धाळूचे कर्तव्य मानले जाई. आपल्या तोंडून असे काही निघाले, तर ते कळविण्याचा प्रसंग आपल्यावर येईल, या भीतीने आई आपला सहवास टाळू लागली, असे त्याने नमूद केले आहे. अश्रद्ध मनाने धर्मविधी चालविण्याचे दुःख त्याने अनेक वर्षे सोसले. फ्रेंच आक्रमणाच्या काळात, १८१० मध्ये, तो इंग्लंडला गेला व पुढे अँग्लिकन चर्चमध्ये सामील झाला.

न्यूमन हा अँग्लिकन धर्मोपदेशक असून १८३३ मध्ये सुरू झालेल्या ऑक्सफर्ड चळवळीचा एक अग्रणी होता. अँग्लिकन चर्च हे रोम आणि प्रॉटेस्टंट पंथ यांमधील मध्यममार्गी चर्च होय, अशी त्याची भूमिका होती. १८३९ मध्ये पाचव्या शतकातील धर्मवादांचा अभ्यास करीत असता त्या काळच्या पाखंडी पक्षांशी आपल्या भूमिकेचे साम्य त्यास जाणवले. अँग्लिकन चर्चच्या एकोणचाळीस कलमांचा कॅथलिक परंपरेशी मेळ घालणारी त्याची नव्वदावी पुस्तिका (१८४१) विद्यापीठाच्या धुरीणांनी निषेधार्ह ठरविली. रोमने मूळ धर्मात भर घातली, हा आक्षेप उरला होता. ही भर म्हणजे मूळ बीजाचाच विकास होय, असा निष्कर्ष त्याने सिद्धांतविकासावरील प्रबंधात काढला आणि ९ ऑक्टोबर १८४५ रोजी लिटलमोर येथे कॅथलिक पंथ स्वीकारला. त्यायोगे त्यास ऑरिएलची फेलोशिप सोडावी लागली व अनेक जिवलग दुरावले. कीबल व प्यूझी हे त्याचे सहकारी मात्र अँग्लिकनच राहिले.

दोघांपुढील प्रश्न एकच होता : धर्मसत्याचा अंतिम निर्णय कोणी करावयाचा? निश्चिती देणारी अधिकारवाणी न्यूमनला आश्रय वाटली. ब्लँको व्हाइटला ती कारावास वाटली. तथापि न्यूमनने विवेकबुद्धीचा त्याग केला, असे म्हणता येत नाही. पोपच्या प्रमादातीततेचा सिद्धांत १८७० मध्ये घोषित झाला. ती घोषणा अकाली आहे असे मत असूनही त्याने तो सिद्धांत मान्य केला. मात्र १८७५ मधील एका प्रकट पत्रात विवेकबुद्धीच्या अधिकाराचे ठाम समर्थनही केले. उलटपक्षी ब्लँको व्हाइटला अँग्लिकन चर्चमध्येही स्वास्थ्य लाभले नाही. त्रैक्याचा सिद्धांत अमान्य झाल्यामुळे १८३५ मध्ये तो डब्लिनचा आर्चबिशप व्हेट्‌ली या मित्राचे घर सोडून लिव्हरपूलच्या युनिटेरियन पंथीयांत गेला व तेथेच निधन पावला.

दोघांच्याही प्रामाणिकपणाविषयी समकालीनांनी संशय घेतला. चार्ल्स किंग्झ्लीच्या आरोपाला उत्तर म्हणून न्यूमनने १८६४ मध्ये आपल्या धर्ममतांचा इतिहास प्रसिद्ध केला. ब्लँको व्हाइटचे आत्मवृत्त त्याच्या मृत्यूनंतर १८४५ मध्ये निघाले. न्यूमन १८७९ मध्ये कार्डिनल झाला. त्यास २०१९ मध्ये संतपद आणि २०२५ मध्ये चर्चचा आचार्य हा बहुमान देण्यात आला. ब्लँको व्हाइटला असा कोणताही पंथ लाभला नाही. परंतु पटलेल्या मतासाठी त्याने मायदेश, आप्त व मित्र यांचा वियोग पतकरला. मतांतराचे मोल केवळ अंतिम निवडीवरून ठरविता येत नाही, हे या दोन चरित्रांवरून स्पष्ट होते.