धरणग्रस्तांचे पुनर्वसन : धोरण आणि दृष्टिकोन
(कोयना प्रकल्पाच्या संदर्भात एक तौलनिक ऐतिहासिक अभ्यास)

प्रस्तावना

रत्नागिरी जिल्ह्याच्या चिपळूण तालुक्यातील अलोरे, पोफळी आणि कोळकेवाडी ही गावे महाराष्ट्राच्या नकाशावर ठळक झाली ती कोयना जलविद्युत प्रकल्पामुळे. सह्याद्रीच्या पलीकडे, सातारा जिल्ह्यात कोयना नदी अडवण्यात आली. तिचे पाणी बोगद्यांतून डोंगराच्या पोटात आणून पश्चिमेस कोकणात सोडण्यात आले. पोफळी येथे वीज निर्माण करून आलेले हे पाणी कोळकेवाडी धरणात साठते. अलोरे येथील वीजगृहातून ते पुन्हा एकदा वीज देते आणि वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्रास मिळते. प्रकल्पाची एकूण क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट आहे. घाटाखाली प्रकल्पामुळे वसाहती उभ्या राहिल्या, नोकऱ्या आल्या, शाळा आल्या. घाटावर मात्र त्याच प्रकल्पाने शंभराच्या आसपास गावांतील नऊ हजारांहून अधिक कुटुंबे उठवली. एकाच प्रकल्पाच्या या दोन बाजू एकत्र ठेवून पाहिल्याखेरीज पुनर्वसनाच्या प्रश्नाचे खरे स्वरूप ध्यानात येत नाही.

धरणामुळे माणसे उठवली जाणे ही विसाव्या शतकातील जागतिक घटना आहे. परंतु उठवल्या गेलेल्या माणसांचे पुढे काय करावयाचे, याचे उत्तर प्रत्येक देशाने वेगळे दिले. हा वेगळेपणा केवळ आर्थिक संपन्नतेतून आलेला नाही. जमीन म्हणजे काय, ती कोणाची, आणि विकासाचा लाभ कोणाच्या वाट्याला जावा, याविषयीच्या त्या त्या समाजाच्या धारणा त्यामागे आहेत.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. १) मुळशी ते कोयना या कालखंडात महाराष्ट्रातील पुनर्वसनविषयक विचार कसा घडत गेला हे पाहणे. २) अमेरिका, इजिप्त, चीन व नॉर्वे या देशांच्या धोरणांशी त्याची तुलना करणे. ३) या तुलनेच्या प्रकाशात कोयना धरणग्रस्तांच्या प्रश्नाची फेरमांडणी करणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारलेला आहे.

मुळशी : मालक कोण, कसणारा कोण?

महाराष्ट्रातील या प्रश्नाचा प्रारंभ कोयनेपासून होत नाही. पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यात टाटांच्या जलविद्युत योजनेविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला आणि १९२४ पर्यंत तो चालला. सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. 'जान किंवा जमीन' ही त्याची घोषणा होती. धरणाविरुद्धच्या संघटित लढ्यांमध्ये जगातील अगदी आरंभीच्या लढ्यांत त्याची गणना होते.

या लढ्याला यश आले नाही. पण त्याने एक महत्त्वाचा प्रश्न उघडा केला. मुळशीतील पुष्कळशा जमिनी पुण्यातील सावकारांकडे गहाण होत्या. मोबदल्याच्या वाटाघाटीत कायदेशीर मालकाला रक्कम मिळाली की त्याचे नुकसान भरून निघत होते. जमीन कसणाऱ्या मावळ्याचे तसे नव्हते. १८९४ चा भूसंपादन कायदा 'हितसंबंधी व्यक्ती'ला बाजारभाव व त्यावर पंधरा टक्के दिलासा रक्कम देत असे. जमिनीवर जगणारा पण कागदावर नसणारा माणूस त्या कायद्याच्या नजरेस पडत नव्हता.

टेनेसी : लोकशाही राष्ट्रातील रोख मोबदला

हाच दोष केवळ वासाहतिक राजवटीचा होता असे मानण्याकडे आपला कल असतो. अमेरिकेतील टेनेसी खोरे प्राधिकरणाचा इतिहास मात्र निराळे सांगतो. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या या प्राधिकरणाचे नॉरिस धरण १९३६ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी सुमारे तीन हजार कुटुंबांना स्थलांतर करावे लागले. जमीनमालकांना रोख रक्कम देण्यात आली. कुळांना व खंडकऱ्यांना जमिनीच्या मोबदल्यात स्थान नव्हते. महामंदीच्या त्या काळात हातात आलेल्या रकमेतून दुसरीकडे तेवढीच जमीन मिळणे अनेक मालकांनाही कठीण गेले.

तेथील एक बाब विशेष लक्षणीय आहे. प्राधिकरणाने पाण्याखाली जाणाऱ्या सुमारे पाच हजार कबरी उकरून त्यांतील अवशेष अन्यत्र विधिवत पुरले. मृतांविषयीची सामाजिक श्रद्धा धोरणात समाविष्ट झाली. जिवंत कुळाचा उपजीविकेचा हक्क मात्र झाला नाही. ज्या समाजात जमीन ही प्रामुख्याने खरेदी-विक्रीची वस्तू मानली जाते, तेथे किंमत चुकती झाली की राज्याचे कर्तव्य संपले असे समजले जाते. स्वतंत्र भारताच्या नियोजनकारांनी टेनेसीचा आदर्श मोठ्या आदराने स्वीकारला. त्याबरोबर ही धारणाही आली.

कोयना : त्यागाची भाषा

कोयना प्रकल्पाचे काम १९५४ मध्ये सुरू झाले आणि १९६२ मध्ये वीजनिर्मितीस प्रारंभ झाला. पहिल्या टप्प्यास जागतिक बँकेचे कर्ज मिळाले होते. हा काळ राष्ट्रउभारणीचा होता. मोठी धरणे ही नव्या राष्ट्राची तीर्थक्षेत्रे मानली जात होती. त्यामुळे मुळशीत जो संघर्ष झाला तसा येथे झाला नाही. राष्ट्रासाठी त्याग करावा, ही भाषा कोयना खोऱ्यातील शेतकऱ्यानेही स्वीकारली.

भात, नाचणी, वरी पिकवणारा हा समाज गावकी आणि भावकीच्या बंधांनी बांधलेला होता. ग्रामदैवताची जत्रा, पालखीचे मान, पाण्याच्या व चराऊ रानाच्या सामाईक वहिवाटी यांवर त्याचे जीवन उभे होते. विस्थापितांना सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, कुलाबा (आजचा रायगड) आणि ठाणे अशा वेगवेगळ्या जिल्ह्यांत विखुरण्यात आले. अतिपर्जन्याच्या डोंगरातला शेतकरी सोलापूरच्या अवर्षणप्रवण मैदानात गेला. काही कुटुंबे जलाशयाच्या वरच्या डोंगरउतारावर सरकून राहिली. त्यांच्यापुढे १९८५ मध्ये कोयना अभयारण्य व २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प घोषित झाल्यावर नवे निर्बंध आले. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचा आघातही याच परिसराने सोसला.

त्यागाच्या भाषेत एक अडचण असते. त्याग करणाऱ्याचा गौरव होतो, परंतु त्याचा हक्क निर्माण होत नाही. गौरवाची नोंद भाषणांत राहते, हक्काची नोंद कायद्यात व्हावी लागते.

इजिप्त : वारसा उचलला, माणसे दूर गेली

कोयनेच्याच समकालीन असलेल्या आस्वान उच्च धरणाचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. युनेस्कोच्या पुढाकाराने १९६४ ते १९६८ या काळात अबू सिम्बेलची प्राचीन मंदिरे कापून सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा उभी करण्यात आली. त्यासाठी अनेक राष्ट्रांनी निधी दिला. त्याच सुमारास, १९६३-६४ मध्ये, इजिप्तमधील सुमारे पन्नास हजार न्युबियन लोकांना कोम ओम्बो परिसरात हलवण्यात आले. नाईलच्या काठी पिढ्यान्पिढ्या राहिलेला हा समाज नदीपासून दूर गेला. मंदिरांच्या बाबतीत मूळ स्थानाच्या निकट राहण्याचा विचार झाला, माणसांच्या बाबतीत तो झाला नाही.

तथापि न्युबियनांनी आपली मागणी सोडली नाही. इजिप्तच्या २०१४ च्या राज्यघटनेत दहा वर्षांच्या आत त्यांना मूळ प्रदेशात परत आणण्याचे प्रकल्प राबवण्याचे आश्वासन समाविष्ट झाले. अर्धशतकानंतर 'परतीचा हक्क' घटनेच्या शब्दांत आला, पण ती दहा वर्षांची मुदत उलटूनही तो प्रत्यक्षात उतरला नाही.

१९७६ : महाराष्ट्राचे वेगळेपण

१९७० च्या दशकात महाराष्ट्राने या प्रश्नाला स्वतःचे उत्तर दिले. बाबा आढाव, दत्ता देशमुख, नागनाथअण्णा नायकवडी आदींच्या पुढाकाराने धरणग्रस्त शेतकरी संघटित झाले. 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही घोषणा रूढ झाली. या चळवळींच्या रेट्यातून १९७६ चा पुनर्वसन कायदा आला. पुढे १९८६ व १९९९ च्या कायद्यांनी त्याची जागा घेतली, मात्र त्याचे मूलतत्त्व कायम राहिले.

हे मूलतत्त्व असे : ज्यांच्या शेतीला धरणाचे पाणी मिळणार, त्यांपैकी विशिष्ट मर्यादेहून अधिक जमीन असणाऱ्यांनी जमिनीचा काही भाग धरणग्रस्तांसाठी द्यावा. वरवर पाहता ही एक प्रशासकीय तरतूद वाटते. वस्तुतः तिने प्रश्नच बदलला. तोवर सरकार विचारत होते, 'बुडालेल्या जमिनीची किंमत किती?' या कायद्याने विचारले, 'लाभ कोणाला झाला आणि त्यातील वाटा बुडालेल्याला कसा मिळेल?' त्यागाच्या जागी वाट्याची भाषा आली. जागतिक बँकेने सक्तीच्या पुनर्वसनाविषयीचे आपले पहिले धोरण १९८० मध्ये स्वीकारले, म्हणजे महाराष्ट्राचा कायदा त्याहून चार वर्षे आधीचा आहे. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यातही सिंचन प्रकल्पग्रस्त शेतकऱ्याला शक्यतो लाभक्षेत्रात किमान एक एकर जमीन देण्याची तरतूद आहे. तिच्यात या विचाराचे प्रतिबिंब दिसते.

परंतु या व्यवस्थेची मर्यादा कोयनेसारख्या प्रकल्पात प्रकट होते. सिंचनाला लाभक्षेत्र असते. ते दाखवता येते, मोजता येते, त्यातून जमीन घेता येते. विजेला असे लाभक्षेत्र नसते. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवण्यास मान्यता दिलेले वार्षिक ६७.५ टीएमसी पाणी वीज देऊन समुद्रास मिळते. त्या विजेचे लाभार्थी कारखाने, शहरे आणि आपण सर्वच आहोत. ज्याच्याकडे विजेचे बिल येते, त्याच्याकडून एकर-गुंठ्यांत वाटा मागता येत नाही. शिवाय कोयनेचे विस्थापन कायद्यापूर्वीचे. त्यामुळे या धरणग्रस्तांची जमिनीची मागणी कोयनेच्या पूर्वेकडे सुटणाऱ्या पाण्यावर भिजणाऱ्या क्षेत्राकडे, तसेच अन्यत्र उपलब्ध होणाऱ्या सरकारी जमिनीकडे वळली. तिच्यासाठी २०१८ च्या प्रारंभी डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली कोयनानगर येथे दीर्घकाळ ठिय्या आंदोलन झाले. शासकीय नोकऱ्यांतील पाच टक्के समांतर आरक्षण हा दिलासा आहे. पण नोकऱ्यांची संख्याच मर्यादित असल्याने तो थोड्यांपर्यंतच पोहोचतो.

विजेतील वाटा : नॉर्वे व चीन

विजेच्या लाभातही वाटा ठरवता येतो, हे दोन परस्परभिन्न देशांनी दाखवले आहे. नॉर्वेमध्ये धबधबे व नद्या ही समाजाची संपत्ती आहे, ही धारणा विसाव्या शतकाच्या आरंभीच कायद्यात उतरली. १९१७ च्या कायद्यान्वये जलविद्युत परवाना घेणाऱ्याने ठरावीक शुल्क आणि निर्मित विजेचा दहा टक्क्यांपर्यंतचा भाग प्रकल्पक्षेत्रातील नगरपालिकांना द्यावयाचा असतो. हा वाटा स्थानिक संस्थेला मिळतो, विस्थापित व्यक्तीला नव्हे, हे लक्षात ठेवले पाहिजे. सामी या आदिवासी समाजाला तर आल्टा धरणाविरुद्ध १९७९ ते १९८१ या काळात संघर्ष करावा लागला. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या सामी संसदेची पार्श्वभूमी याच संघर्षाने तयार केली.

चीनमध्ये १९५० नंतरच्या धरणांनी लाखो लोकांना उठवले. केवळ त्रि-घळी प्रकल्पातच सुमारे तेरा लाख लोक विस्थापित झाले. विरोधाचे स्वातंत्र्य तेथे अत्यल्प होते. तरीही २००६ मध्ये तेथील शासनाने जुन्या व नव्या जलाशयग्रस्त ग्रामीण लोकांना दरडोई वार्षिक ६०० युआन वीस वर्षे देण्याचे ठरवले आणि त्यासाठी वीजदरावर अधिभार बसवला. रक्कम मोठी नाही. तथापि दोन बाबी महत्त्वाच्या आहेत : हा निधी विजेतून येतो, आणि तो अनेक दशकांपूर्वी विस्थापित झालेल्यांनाही लागू आहे.

भारताच्या २००८ च्या जलविद्युत धोरणात स्थानिक विकासासाठी एक टक्का अतिरिक्त मोफत वीज आणि प्रत्येक प्रकल्पग्रस्त कुटुंबास दहा वर्षे दरमहा १०० युनिट यांची तरतूद आहे. वाट्याचे तत्त्व येथे मान्य झालेले दिसते. परंतु ही तरतूद नव्या प्रकल्पांसाठी आहे. कोयनेसारखा, राष्ट्रउभारणीच्या पहिल्या पिढीचा प्रकल्प तिच्या कक्षेबाहेर राहतो.

निष्कर्ष

१) पुनर्वसनाचे धोरण देशाच्या संपत्तीपेक्षा जमिनीविषयीच्या सामाजिक धारणेवर अधिक अवलंबून असते. संपन्न अमेरिकेने कुळाला वगळले. तुलनेने गरीब महाराष्ट्राने जमिनीस जमीन हे तत्त्व कायद्यात आणले.

२) मुळशी, कोयना आणि १९७६ चा कायदा हा प्रवास विरोध, त्याग व वाटा अशा तीन अवस्थांतून झालेला आहे. तिसरी अवस्था ही शासनाची देणगी नसून चळवळीची निष्पत्ती आहे.

३) महाराष्ट्राने पाण्याच्या लाभातील वाटा मान्य केला, विजेच्या लाभातील वाट्याची व्यवस्था मात्र जुन्या प्रकल्पग्रस्तांसाठी केली नाही. कोयना धरणग्रस्तांचा प्रश्न अनेक पिढ्या रेंगाळण्याचे हे एक मूलभूत कारण आहे.

४) चीनचा अधिभार आणि नॉर्वेचा स्थानिक हिस्सा जसाच्या तसा उचलणे योग्य होणार नाही. एका ठिकाणी संमतीचा अभाव आहे, दुसऱ्या ठिकाणी व्यक्तीपर्यंत लाभ पोहोचत नाही. परंतु कोयनेच्या प्रत्येक युनिटमागे अल्पसा पुनर्वसन अधिभार आणि त्यातून उभा राहणारा, धरणग्रस्तांच्या प्रतिनिधित्वाने चालणारा निधी, ही कल्पना महाराष्ट्राच्याच १९७६ च्या विचाराचा स्वाभाविक विस्तार ठरेल.

अलोऱ्याच्या वीजगृहातून वीज अखंड वाहत आहे. ती ज्यांच्या शिवारावरून आली, त्यांच्या तिच्यातील वाट्याचा हिशेब अद्याप मांडला गेलेला नाही. तो मांडणे ही दया नव्हे. महाराष्ट्राने स्वतः स्वीकारलेल्या तत्त्वाशी प्रामाणिक राहणे होय.