देशी कार-टी उपचाराच्या प्रारंभिक चाचण्या : एक दृष्टिक्षेप

कर्करोगाचे निदान झाले की मुंबई गाठावयाची, ही मराठवाड्यातील जुनी वहिवाट आहे. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 मध्ये सुरू झाले. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा 1999 मध्ये झाला. तथापि येथील रुग्णांची ती वाट फारशी बदलली नाही. (औंढा नागनाथ परिसरातील लायगो-इंडिया प्रकल्पाशी निगडित असलेला अणुऊर्जा विभागच टाटा मेमोरियल केंद्रही चालवितो, हा योगायोग येथे नमूद करण्याजोगा आहे.)

केमोथेरपीनंतरही रक्ताचा कर्करोग उलटला, तर वैद्यकाच्या हाती पूर्वी फारसे काही उरत नसे. कार-टी उपचार अशाच रुग्णांसाठी पुढे आला. रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी वेगळ्या काढून, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांत नवे जनुक घालतात. मग त्या वाढवून पुन्हा शरीरात सोडतात. बी-पेशींवरील सीडी19 हे प्रथिन ओळखून त्या कर्कपेशींचा नाश करतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कार्ल जून यांनी 2010 मध्ये पहिल्या रुग्णांवर हा प्रयोग केला. 2017 मध्ये तेथे मान्यता मिळाली, तेव्हा किंमत होती 4,75,000 डॉलर.

भारतीय प्रयत्नाचे खरे महत्त्व या आकड्यापाशी आहे. आयआयटी मुंबईतील राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेने विषाणूवाहकासह संपूर्ण निर्मिती देशातच करण्याचे ठरविले. परदेशी उपचारात सीडी19 ओळखणारा भाग उंदराच्या प्रतिपिंडातून घेतलेला होता. येथे तो मानवसदृश करण्यात आला. टाटा मेमोरियलचे गौरव नरुला व हसमुख जैन यांनी चाचण्यांची धुरा वाहिली. 4 जून 2021 रोजी खारघर येथील अॅक्ट्रेक केंद्रात देशातील पहिला कार-टी उपचार झाला. ऑक्टोबर 2023 मध्ये 'नेक्सकार19' या नावाने त्यास मान्यता मिळाली. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार 64 रुग्ण या चाचण्यांत सहभागी होते. मूल्यमापनयोग्य 51 रुग्णांपैकी सुमारे 73 टक्क्यांत रोगाने प्रतिसाद दिला. उपचारजन्य गुंतागुंतीने दोघे दगावले, ही बाबही दृष्टिआड करता येत नाही.

हा उपचार बाजारात आला तो सुमारे 40 लाख रुपयांना. परदेशाच्या मानाने हे स्वस्तच. मात्र महात्मा फुले जनआरोग्य योजनेची 2023 मध्ये वाढविलेली वार्षिक मर्यादा कुटुंबामागे 5 लाख रुपयांची आहे. कोरडवाहू सोयाबीनवर गुजराण करणाऱ्या कुटुंबाने उरलेले 35 लाख कोठून उभे करावयाचे, हा प्रश्न प्रयोगशाळेच्या कक्षेबाहेरचा आहे.