बारा घरांची शाळा

आमच्या लहानपणी दिवाळीच्या खरेदीसाठी क्रॉफर्ड मार्केटची एक फेरी ठरलेली असे. मंडईच्या दारावर दगडात कोरलेली कष्टकऱ्यांची चित्रे वडील मला बोट करून दाखवीत. त्या चित्रांचा कर्ता लॉकवुड किपलिंग हा जवळच्याच जे. जे. कलाशाळेत शिक्षक होता, हे मला पुष्कळ उशिरा कळले. त्याचा मुलगा रुडयार्ड १८६५ साली याच मुंबईत जन्मला. साम्राज्याचा भाट म्हणून आपण त्याच्यावर रागावतो, आणि तो राग काही अस्थानी नाही. पण त्याच्या शाळेची हकिकत वाचली, तेव्हा माझ्या रागात थोडी कणवही मिसळली.

हिंदुस्थानची हवा गोऱ्या मुलांना मानवत नाही, अशी तेव्हाच्या साहेबलोकांची समजूत. म्हणून १८७१ साली पाच वर्षांच्या रुडयार्डला आणि तीन वर्षांच्या बहिणीला विलायतेत परक्यांच्या घरी ठेवून आईबाप मुंबईला परतले. मुलांना त्यांनी निघताना सांगितलेही नव्हते! पुढे बारा वर्षांचा झाल्यावर, १८७८ च्या जानेवारीत, तो डेव्हन परगण्यातील वेस्टवर्ड हो! या गावी युनायटेड सर्व्हिसेस कॉलेजात दाखल झाला. उद्गारचिन्हासकट हे गावाचे नाव एका कादंबरीवरून पडलेले आहे.

ही शाळा १८७४ साली लष्करी अधिकाऱ्यांनीच भागभांडवल जमवून काढली होती. सैन्यातील अधिकारपदे पैसे मोजून घेण्याची जुनी चाल १८७१ साली बंद झाली आणि परीक्षांचे महत्त्व वाढले. मोठ्या नावाच्या शाळांची फी बेताच्या पगारात झेपेना. तेव्हा समुद्राकाठची ओळीने बांधलेली बारा बिऱ्हाडाची घरे घेऊन, ती एका लांब ओसरीने जोडून, ही स्वस्तातली शाळा थाटण्यात आली. समोर गोट्यांचा बांध आणि अटलांटिकचा वारा. मुले बहुतेक अधिकाऱ्यांचीच. कितीतरी हिंदुस्थानात किंवा दुसऱ्या वसाहतीत जन्मलेली. सुटी लागली, की ज्यांचे आईबाप सातासमुद्रापलीकडे, त्यांनी कुणाच्या दारी जावे? रुडयार्डचे आईबाप तेव्हा लाहोरला होते.

पहिले दिवस त्याला फार जाचाचे गेले. मग डन्स्टरव्हिल आणि बेरेसफोर्ड हे दोन सोबती मिळाले, आणि तिघांच्या खोड्यांतून पुढे १८९९ साली ‘स्टॉकी अँड कंपनी’ हे पुस्तक झाले.

शाळेचे मुख्याध्यापक कॉर्मेल प्राइस हे ना शिपाईगडी, ना धर्मगुरू. कवी मॉरिस आणि चित्रकार बर्न-जोन्स यांचे ते स्नेही. या जाड चष्म्याच्या मुलाला सैन्य घेणार नाही, हे त्यांनी ओळखले आणि आपल्या ग्रंथसंग्रहाचे दार त्याला मोकळे केले. शाळेचे बंद पडलेले मासिकही त्याच्या हाती सोपविले. पलटणीसाठी अधिकारी घडविणाऱ्या शाळेत असा एक लेखक घडला!

डन्स्टरव्हिल मात्र शाळेच्या हेतूप्रमाणे सेनापती झाला आणि १९१८ साली फौज घेऊन बाकूपर्यंत पोचला. पण त्या शिकवणीचा हिशेब किपलिंगला वेगळ्याच रीतीने चुकवावा लागला. आपल्यासारख्याच अधू डोळ्यांच्या मुलाला, जॉनला, त्याने ओळखीच्या जोरावर सैन्यात जागा मिळवून दिली. तो नुकता अठरा वर्षांचा झालेला पोर १९१५ साली लूसच्या लढाईत पडला. राज्याची मुख्य किंमत आपण मोजली, हे खरेच. पण ते चालविणाऱ्यांच्या घरांतही पाळणे असे रिकामे होत होते.

शाळा संपवून तो १८८२ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या धक्क्यावर उतरला, तेव्हा सतरा वर्षांचाही नव्हता. इथले वास नाकात शिरताच त्याच्या तोंडून आपोआप देशी शब्द निघू लागले. आया आणि नोकर यांच्या अंगाखांद्यावर शिकलेले ते शब्द. त्यांचा अर्थ मात्र त्याला आठवेना. ही आठवण त्यानेच आत्मचरित्रात नोंदविली आहे.

यंदा मंडईच्या दाराशी क्षणभर थांबलो. हातात पणत्यांची पिशवी होती. वसतिगृहातला नातू त्याच संध्याकाळी घरी यायचा होता. मी जरा लगबगीनेच परतलो.