हॉलिवूडच्या सोहळ्यात पोहोचलेला आटपाडीचा माळ

सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर वसाहतीचा संबंध थेट हॉलिवूडच्या पुरस्कार सोहळ्याशी आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. येथील कैद्यांवर झालेल्या प्रयोगावरून सुचलेल्या व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाला मार्च १९५९ मध्ये लॉस एंजेलिस येथे झालेल्या सोळाव्या गोल्डन ग्लोब सोहळ्यात सॅम्युएल गोल्डविन पुरस्कार मिळाला.

औंधचा प्रयोग

सातारा जिल्ह्यातील औंध हे राजधानीचे ठिकाण असलेल्या संस्थानाचा मुलूख विखुरलेला होता. आटपाडी आणि कुंडल हे आज सांगली जिल्ह्यात असलेले भागही त्यात मोडत. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये महात्मा गांधींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना लागू करून प्रजेच्या हाती कारभार सोपविला. त्याच वर्षी स्वतंत्रपूरचे खुले कारागृह सुरू झाले. युवराज अप्पासाहेब पंत आणि 'भारतानंद' या नावाने ओळखले जाणारे पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचा त्यात पुढाकार होता.

गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीआड न कोंडता शेती करू द्यावी, कुटुंबासह राहू द्यावे आणि त्यांच्यावर विश्वास टाकावा, ही या योजनेची कल्पना होती. माणदेशासारख्या अवर्षणग्रस्त भागात जमीन पिकवणे हीच मुळात परीक्षा होती. कैदी पळून गेले असते, तर प्रयोग तेथेच संपला असता. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, मात्र वसाहत टिकली.

माणदेशाच्या लेखकाची पटकथा

चित्रपटाचे लेखन ग. दि. माडगूळकर यांचे. त्यांचा जन्म आटपाडी तालुक्यातील शेटफळे येथे १९१९ मध्ये झाला आणि शालेय शिक्षण औंधला झाले. त्यामुळे हा परिसर त्यांना परका नव्हता. सहा खुनी कैद्यांना ओसाड जमिनीवर नेऊन माणसांत आणणाऱ्या आदिनाथ या जेलरची भूमिका स्वतः शांताराम यांनी केली. संध्या यांची त्यांना साथ होती. संगीत वसंत देसाई यांचे होते. बैलाबरोबरच्या झुंजीच्या चित्रीकरणात शांताराम यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली होती.

१९५७ च्या या चित्रपटास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. १९५८ मध्ये बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वलाचा मान लाभला. पाठोपाठ गोल्डन ग्लोब आला. योगायोग असा, की त्या वर्षी गोल्डन ग्लोबमध्ये सर्वोत्कृष्ट नाट्यपट ठरलेला स्टॅन्ली क्रेमर यांचा 'द डिफायंट वन्स' हाही कैद्यांचीच कथा सांगणारा होता. एकाच साखळीने जखडलेले एक गोरा आणि एक कृष्णवर्णीय कैदी पळून जातात, असे त्याचे कथानक आहे.

दूरचित्रवाणीपूर्वीचा काळ

अमेरिकेत हा दूरचित्रवाणीच्या उदयाचा काळ होता. ऑस्कर सोहळा १९ मार्च १९५३ रोजी प्रथमच घराघरांत दिसला. भारतात मात्र दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी, म्हणजे शांताराम यांच्या सन्मानानंतर सुमारे सहा महिन्यांनी सुरू झाले. मुंबई केंद्रासाठी १९७२ उजाडावे लागले. साहजिकच ज्या मातीतून ही कथा उगवली, तेथील लोकांना हा सोहळा पाहता येण्याचा प्रश्नच नव्हता.

'आरआरआर' चित्रपटातील गीताला २०२३ मध्ये गोल्डन ग्लोब मिळाला, तेव्हा देशभर जल्लोष झाला. त्याच्या ६४ वर्षे आधीच्या सन्मानामागे मात्र सातारा-सांगलीतील एका छोट्या संस्थानाने कैद्यांवर टाकलेला विश्वास होता. चित्रपटाची कीर्ती सातासमुद्रापार गेली. स्वतंत्रपूरचे नावही तिच्यासोबत घेतले जाणे उचित ठरेल.