फुफाट्यातला लसूण

कल्याण-अहिल्यानगर महामार्गावर आळेफाटा ओलांडून बेल्ह्याच्या दिशेने निघाले की वाटेत राजुरी लागते. जुन्नर तालुक्याच्या या भागात कांद्याच्या वाफ्यांशेजारी घरापुरता लसूणही लावतात. दिवाळीच्या मागेपुढे कुड्या टोचायच्या, शिमग्याच्या सुमारास पात पिवळी पडली की गड्डे उपटायचे आणि पातीसकट जुड्या बांधून आढ्याला टांगायच्या. गेल्या उन्हाळ्यात तेथल्या एका परिचित शेतकरी कुटुंबात मी रात्रीच्या जेवणाला थांबलो होतो. घरात गॅस होता, तरी भाकरी पडवीतल्या चुलीवरच चालल्या होत्या. शेवटची भाकरी उतरल्यावर आजींनी जुडीतले चार गड्डे तोडले, वरचे सैल पापुद्रे तेवढे चोळून काढले आणि निखारे बाजूला सारून गड्डे फुफाट्यात पुरले. पाव तासाने ते बाहेर काढले तेव्हा वरून करपलेले, राखेने माखलेले होते. पण बुडाशी दाबताच कुडी लोण्यासारखी ताटात उतरली. वर मीठ आणि शेंगदाण्याच्या तेलाची धार. ‘‘खा फादर निवांत, भाजल्यावर वास नाही येत,’’ आजी म्हणाल्या.

ते वाक्य ऐकून घास क्षणभर हातातच राहिला. मी लहान असताना शाळेत डबा उघडला की काही मुले नाक दाबून बाजूला सरकत. डब्यात लसणाचा ठेचा असे. नाक दाबणाऱ्यांच्या लेखी मात्र तो वास ठेच्याचा नव्हता, आमच्या वस्तीचा होता. मी आईला कारण सांगितले नाही, ठेचा नको एवढेच म्हणालो. तिने ते ओळखले असावे. दुसऱ्या दिवसापासून ती चुलीच्या राखेत अख्खा भाजलेला लसूण भाकरीत गुंडाळून देऊ लागली.

आईची युक्ती शास्त्राला धरून होती, हे मला फार उशिरा कळले. अखंड कुडीला उग्र वास नसतोच. तिच्यात ॲलिन नावाचे द्रव्य एका कप्प्यात आणि त्याचे रूपांतर करणारे ॲलिनेज हे विकर दुसऱ्या कप्प्यात असते. कुडी ठेचली की दोन्ही एकत्र येतात आणि झणझणीत ॲलिसिन तयार होते. ते 1944 साली कॅव्हॅलिटो व बेली या अमेरिकन संशोधकांनी वेगळे काढले. कुडी न फोडता तापवली तर विकर निकामी होते, तिखटपणा उपजतच नाही, आणि लसणाने साठवलेल्या शर्करेची गोडी पुढे येते. ठेचलेला आणि भाजलेला लसूण हे म्हणूनच जवळजवळ दोन वेगळे पदार्थ आहेत.

या वासाने आपल्या देशात पुष्कळ निवाडे केले आहेत. मनुस्मृतीने लसूण आणि कांदा द्विजांना वर्ज्य ठरवले, जाणूनबुजून खाणारा पतित होतो असे बजावले. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेला चिनी भिक्षू फाहियान लिहितो की, मध्यदेशात चांडाळ सोडले तर कोणी कांदा-लसूण खात नाही. आणि त्या चांडाळांना गावाबाहेर राहावे लागे, नगरात शिरताना लाकूड वाजवून आपण आल्याची सूचना द्यावी लागे. अन्न आणि अस्पृश्यता त्याच्या वृत्तांतात एकाच परिच्छेदात येतात. डब्यापाशी नाक दाबणाऱ्या मुलांनी फाहियान वाचला नव्हता. त्यांना तो घरूनच मिळाला होता.

पण वैद्यांना लसूण सोडवेना. 1890 मध्ये मध्य आशियातील कुचा येथे हॅमिल्टन बॉवर या लष्करी अधिकाऱ्याच्या हाती भूर्जपत्रांची एक प्राचीन पोथी लागली. तिचा आरंभच लसणाच्या स्तुतीने होतो. राहूच्या गळ्यातून पडलेल्या रक्तातून लसूण उगवला म्हणून ब्राह्मण तो खात नाहीत, असे ती पोथी सांगते आणि लगेच पळवाटही दाखवते: गाईला काही दिवस उपाशी ठेवून लसणाची पात चारावी आणि तिचे दूध ब्राह्मणाने घ्यावे! औषध पोटात जाते, नेम मोडत नाही. मला या पोथीचा राग येत नाही, हसू येते. संस्कृतात लसणाला ‘रसोन’ म्हणतात. सहा रसांपैकी एक आंबट तेवढा उणा, बाकी पाचही त्यात आहेत, अशी त्याची फोड वैद्य करतात.

महाराष्ट्राने मध्यम मार्ग काढला. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, कांदा-लसूण मनसोक्त खायचा आणि मग चातुर्मास पाळायचा. अरणच्या सावता माळ्यांना (समाधी 1295) तेवढ्याचीही गरज भासली नाही. आपल्या मळ्यातल्या लसणात, कोथिंबिरीत त्यांना विठ्ठलच दिसला. त्याच प्रसिद्ध अभंगात मिरचीही आहे. मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली, तेव्हा ती गाणाऱ्यांच्या ओठी मागाहून चढली असावी. लसूण मात्र तेव्हाही होता.

पवित्र शास्त्रातही तो एकदाच, पण मोठ्या वेळी येतो. गणना ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात मान्न्याला कंटाळलेले इस्राएली लोक मिसरमधील मासे, काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण आठवून रडतात. या कुरकुरीबद्दल मी व्यासपीठावरून त्यांना अनेकदा धारेवर धरले आहे. राजुरीच्या त्या जेवणानंतर तसे बोलायला माझी जीभ जरा अडखळते.

चूल नसलेल्या भगिनींसाठी: गड्ड्याचा शेंडा किंचित छाटून, तेलाचे बोट लावून, जाड कढईत झाकण ठेवून मंद आचेवर अर्धा तास, अधूनमधून फिरवत ठेवावा. वांग्याला चिरा पाडून त्यात कुड्या खोचून भाजल्या तर भरताला वेगळा वास लावावा लागत नाही. पिठल्यात भाजलेला लसूण शेवटी चुरावा. तेलात बुडवून मात्र तो फळीवर ठेवू नये. 1985 साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे अशाच बरणीतल्या लसणामुळे बोट्युलिझमची विषबाधा झाली होती. थंड कपाटात ठेवावा आणि दोन-चार दिवसांत संपवावा.

राजुरीला चारातले दोन गड्डे उरले होते. आजींनी ते वाटीखाली झाकले. सकाळी मासवडीच्या सारणात, भाजलेल्या खोबऱ्या-तिळांबरोबर, ते पाट्यावर गेले.