मताधिकार वाढला, पण कोणाचा?

स्वातंत्र्यानंतर अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत मतदानासाठी मालमत्तेची किंवा कर भरण्याची अट होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोऱ्या पुरुषांसाठी मालमत्तेची अट एकेका राज्याने काढून टाकली. १८२८ मध्ये अँड्र्यू जॅक्सन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. त्या वेळी मतदानाचं प्रमाण १८२४ च्या दुपटीहून अधिक होतं.

पण याच काळात इतरांचे हक्क गेले. न्यू जर्सीत मालमत्ता असलेल्या अविवाहित महिला आणि कृष्णवर्णीय मतदान करत. १८०७ मध्ये तो अधिकार काढून घेण्यात आला. न्यूयॉर्कने १८२१ मध्ये कृष्णवर्णीयांसाठी २५० डॉलरच्या मालमत्तेची अट ठेवली. पेनसिल्व्हेनियाने १८३८ मध्ये मताधिकार गोऱ्या पुरुषांपुरताच मर्यादित केला. कृष्णवर्णीय पुरुषांच्या मताधिकाराला अमेरिकेच्या राज्यघटनेचं संरक्षण मिळालं ते १८७० मध्ये, महिलांच्या १९२० मध्ये.